उपकार विसरल्याची शिक्षा कुठल्या कलमात बसते?

"मी तुला संधी दिली होती. तू माझ्या चांगुलपणाचा फायदा घेतलास. आता माझ्याकडून दयेची अपेक्षा करू नकोस."

हे वाक्य पाटलाचं नाही. सावकाराचं नाही. उचल देणाऱ्या मुकादमाचंही नाही. हे न्यायाधीशाचं वाक्य आहे. गोदीत दोन दिवसांचे खाडे करून मी गावी आलो होतो आणि कोर्टातल्या मागच्या बाकड्यावर बसून ह्या दोन कानांनी ते ऐकलं. कोर्ट कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्या एका कोर्टावर दातओठ खाल आणि बाकीची सगळी सुटतील. मला बाकीची सुटायला नकोत.

पोरगा आमच्या वस्तीतला. वय तेवीस. त्याचंही नाव लिहीत नाही, कारण त्याला अजून ह्याच मुलखात मजुरी मागायचीय. बागायतदाराच्या विहिरीवरल्या मोटारीची तांब्याची तार चोरली म्हणून दोघं सापडले. दुसरा त्याच बागायतदाराच्या भावकीतला. तार सापडली, मालकाकडं परत गेली. दोघांनीही कबूल केलं. जुन्या दंडसंहितेचं कलम ३७९. दोघांचाही पहिलाच गुन्हा. न्यायाधीशानं दोघांना आत न घालता प्रोबेशनवर सोडलं. दोन वर्षांचा जातमुचलका. गाव सोडायचं नाही, दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी प्रोबेशन ऑफिसरसमोर हजेरी द्यायची, दारू प्यायची नाही, नीट वागायचं.

त्या दिवशी पोराची माय कोर्टाच्या पायरीला हात लावून म्हणाली, "देवमाणूस हाय बाबा सायब." तिथंच घोळ झाला. कायद्यानं दिलेली गोष्ट तिला साहेबाची देणगी वाटली. आणि साहेबालाही तसंच वाटलं होतं, हे आम्हाला वर्षभरानं कळलं.

आमचं अंकुशनगर जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. साखर कारखान्याभोवती उभं राहिलेलं गाव. धुराडं पेटलं की इथं दिवस उगवतो. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या गाड्या भरून येतात, पाचटाच्या कोपी उभ्या राहतात. आणि गंमत बघा, त्याच दिवसांत आमच्याच वस्त्यांतली माणसं कोयता बांधून सांगली-कोल्हापूरकडं जातात, पार कर्नाटकात जातात. दारात कारखाना आणि आमचा माणूस तीनशे-चारशे किलोमीटरवरच्या फडात. कारण उचल जिथली, माणूस तिथला. नवराबायको मिळून एक कोयता. कोयता सांगतो कुठं राहायचं, कधी निजायचं, लेकरू शाळेत घालायचं का वासरामागं सोडायचं.

पोराच्या बापानं पोरीच्या लग्नाला उचल घेतलेली. बापाची कंबर गेली. मुकादम दारात आला. "तू नसंल येत तर पोरगं दे." पोरगा बायकोला घेऊन गाडीत बसला. चार हजेऱ्या चुकल्या. जानेवारीत पोलीस वॉरंट घेऊन फडावर आले आणि उसाच्या मोळीवरून त्याला उचलून आणला.

आता दुसऱ्याचं ऐका. भावकीतल्या पोराला पुण्याला कसल्याशा कोर्सला जायचं होतं. त्याच्या मामाचा वकील प्रोबेशन ऑफिसरला भेटला. ऑफिसरनं कोर्टात अर्ज केला. अट बदलून मिळाली. राहणं पुण्याला, हजेरीही पुण्याला. एका तारखेत काम झालं. चांगलं झालं. त्या पोराशी माझं भांडण नाही. त्यानंही गाव सोडलं, ह्यानंही गाव सोडलं. एकाचं गाव सोडणं 'अटीत बदल' ठरलं आणि दुसऱ्याचं 'अटीचा भंग'. त्याला पुस्तकं घ्यायला जायचं होतं, ह्याला कर्ज फेडायला. फरक होता तो वकिलाचा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न विचारता फुकट वकील द्यायचा असतो. आमच्या पोराला कुणी विचारलंही नाही. वॉरंटाच्या सुनावणीला तो एकटा उभा होता, हाताला उसाच्या पात्याचे चरे घेऊन.

मी मॅट्रिक. कायदा शिकलेलो नाही. मुंबईत परत गेल्यावर फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ हे चोपडं काढलं आणि पाळी संपल्यावर शब्दकोश लावून वाचलं. पन्नास किलोच्या साखरेच्या गोण्या दिवसभर हलवायच्या आणि रात्री कलमं वाचायची. कदाचित ती साखर आमच्याच लोकांनी तोडलेल्या उसाची असेल. तर त्या चोपड्यात काय लिहिलंय ते तुम्हीही एकदा वाचा, कारण आपल्या नावानं हे सगळं छापलेलं आहे आणि आपल्यालाच माहीत नाही.

कलम ४ म्हणतं की, ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही अशा गुन्ह्यात कोर्ट माणसाला लगेच शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडू शकतं. जास्तीत जास्त तीन वर्षं. पण त्याला एक शेपूट जोडलेलं आहे. आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला कायमचं राहतं ठिकाण किंवा नियमित धंदा असल्याची कोर्टाची खात्री पटली पाहिजे.

कायमचं राहतं ठिकाण! वाचा परत. कोपीत जन्मलेल्या, कोपीत बाळंत होणाऱ्या माणसाला कायमचं ठिकाण! नियमित धंदा! वर्षाचे सहा महिने एका जिल्ह्यात, सहा महिने दुसऱ्या. पारधी, कैकाडी, डोंबारी, मसणजोगी ह्यांना तर कायमचं गाव मिळू नये म्हणून गावोगावचे पुढारी जागता पहारा देतात. गायरानावर पाल टाकलं की जाळतात. आणि मग कायदा विचारतो, बाबा, तुझं कायमचं ठिकाण कुठं? म्हणजे दयेच्या दारालाच सातबाऱ्याचं कुलूप. आमचा पोरगा आत शिरला तो नशीबानं. अट मात्र त्याच्या अंगाच्या मापाची नव्हतीच. ती घर, शेत, नोकरी असलेल्या माणसाच्या मापानं बेतलेली होती. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालायला लावायचा आणि काखेत उसवला की म्हणायचं, तूच फाडलास.

कलम ८ म्हणतं, प्रोबेशन ऑफिसरच्या अर्जावर अटी बदलता येतात. हेच ते दार, ज्यातून भावकीतला पोरगा पुण्याला गेला. आमच्या पोराला हे दार कुणी दाखवलं नाही. ऑफिसरलाही मी एकट्याला शिव्या देत नाही. एक माणूस, सगळा जिल्हा अंगावर, पोरांच्या केसेस, बायकांच्या केसेस. त्यानं हजेरीच्या रकान्यात फुली मारली. फुलीला कारण विचारायची पद्धत नाही.

आणि कलम ९. माझा खरा दावा ह्या कलमावर आहे. अट मोडली हे सिद्ध झालं तर कोर्टापुढं दोन वाटा. एक, मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावणं. दोन, अट पहिल्यांदाच मोडली असेल तर बॉण्ड तसाच चालू ठेवून दंड करणं, आणि तो दंड पन्नास रुपयांच्या वर नाही. पन्नास रुपये! १९५८ साली ती रक्कम होती, आज त्यात दोघांचा चहा-वडापाव नीट होत नाही. पण रकमेतून कायदा बनवणाऱ्यांचं मन दिसतं. त्यांना ठाऊक होतं, माणूस पहिल्यांदा चुकतो. हजेरी हुकते, गाडी हुकते, माय आजारी पडते. पहिल्या चुकीला पन्नासाच्या आत दंड आणि परत संधी. आमच्या पोराची ही पहिलीच चूक. त्याला मिळाली एक वर्षाची सक्तमजुरी.

कायदा 'करील' म्हणत नाही, 'करू शकेल' म्हणतो, हे मला कळतं. दोन्ही वाटा न्यायाधीशाच्या हातात. मान्य. पण पन्नास रुपयांपासून तीन वर्षांपर्यंतच्या अंतरात न्यायाधीश चालतो तो कुणाच्या काठीनं? त्या दिवशी तारेची किंमत कुणी विचारली नाही. तार परत मिळाली हे कुणी वाचलं नाही. फडावर का गेलास, हाही प्रश्न नव्हता. पोरगा सांगायला लागला, "सायब, उचल व्हती..." त्याला गप्प केलं. सगळं बोलणं एकाच गोष्टीवर. मी, माझी संधी, माझा चांगुलपणा.

बाबांनो, इथं एक बारकावा आहे. प्रोबेशनवर सोडताना कोर्ट शिक्षा सुनावत नाही. 'बोलावशील तेव्हा येऊन शिक्षा घेईन' एवढंच आरोपीकडून लिहून घेतं. म्हणजे ज्या दिवशी न्यायाधीशाचं डोकं थंड असतं, कागद पुढं असतात, माल परत मिळालाय हे ताजं असतं, त्या दिवशी शिक्षेचा आकडा ठरतच नाही. आकडा ठरतो तो वर्ष-दीड वर्षानं, ज्या दिवशी साहेबाला वाटतं की आपल्या शब्दाचा अपमान झाला. मूळ गुन्हा तोच. तार तेवढीच. तारेला मधल्या काळात पिलं फुटली नाहीत. मग शिक्षा वाढली कशानं? वाढली ती साहेबाच्या रागानं. कायदा सांगतो, मूळ गुन्ह्याची शिक्षा दे. साहेब देतो उपकार विसरल्याची शिक्षा. असा गुन्हा कुठल्या पुस्तकात आहे? मला कलम दाखवा. मी गोदीत हूक खाली ठेवून वाचायला येतो.

वकील मंडळी म्हणतात, कुणी स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचं पहिलं तत्त्व. इथं काय झालं? संधी देणारा तोच, दुखावलेला तोच, शिक्षा ठोकणाराही तोच. हा कारभार आम्हाला चांगला ओळखीचा आहे. मुकादम असाच असतो. उचल तोच देतो, खाडा तोच मांडतो, खाड्याचा दंडही तोच ठरवतो. त्याच्या वहीवर त्याचाच शिक्का. गोदीतला मुकादमही ह्याच जातकुळीचा. फरक एवढाच की मुकादम स्वतःला निःपक्षपाती म्हणवून घेत नाही. तेवढा तो प्रामाणिक.

आणि ही भाषा येते कुठून? 'तुला माणूस समजून', 'माझ्या दयेचा', 'तुमच्या लोकांना सवलत दिली की...' ही गावगाड्याची भाषा आहे. बलुतं हक्काचं असतं, पण वाढताना ते वरून टाकायचं, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली राहते. हक्काला दान म्हणायचं आणि दान घेणाऱ्यानं जन्मभर दबून राहायचं. आमच्या आज्यानं हे सोसलं. आता तीच भाषा काळा डगला घालून उंच खुर्चीवर बसली.

काहीजण म्हणतील, हा पोरगा न्यायाधीशांना जात चिकटवतो. मी चिकटवत नाही. मी इतिहास वाचतो. १९२७ साली २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या लोकांची डोकी फोडली. त्यातल्या पाच जणांना त्याच सालच्या जूनमध्ये चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. बाबासाहेब तेव्हा काय म्हणाले हे धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवलंय. जिल्ह्यातले मुख्य अधिकारी बिगरहिंदू नसते तर अस्पृश्यांना निःपक्षपाती न्याय मिळाला नसता, असा त्याचा अर्थ. बॅरिस्टर माणूस, कायदा कोळून प्यालेला, त्यालाही शिक्षेचा आकडा समजून घेताना खुर्चीवर कोण बसलंय हे बघावं लागलं. (आणि २० मार्चलाच, २०१८ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. पुढं देश बंद झाला, संसदेनं कायदा दुरुस्त केला, २०१९ मध्ये कोर्टानं आपलेच निर्देश मागं घेतले. तारखा पण कशा गाठून येतात.)

प्रोबेशन वाईट असं मी म्हणत नाही. उलट प्रोबेशन हवं. आपल्या माणसाला तर जास्त हवं. २०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जाती शंभरात सोळा-सतरा, आणि तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्यांत शंभरात वीसच्या वर. २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगात चारातले तीन कैदी तर कच्चेच. शिक्षाच ठरलेली नाही आणि आत. तिथं प्रोबेशनची दोरी आपल्या विहिरीत सोडायला पाहिजे. पण ती सोडली जाते कुठं ते बघा.

अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा. त्याचं कलम १९ स्पष्ट सांगतं की अठरा वर्षांवरच्या कुणालाही ह्या कायद्याखाली दोषी ठरवलं तर त्याला प्रोबेशनचा फायदा मिळणार नाही. चांगलं कलम. पण खटला कसा झिजतो? जातीवरून शिवी दिल्याचा पुरावा नाही म्हणून अ‍ॅट्रॉसिटीचं कलम गळतं. मागं उरतं काय? ३२३, ५०४, ५०६. मारहाण, शिवीगाळ, धमकी. त्याला प्रोबेशन चालतं. कलम १९ ची भिंत समोरून पक्की, मागून दार उघडं. त्या दारातून बाहेर पडणाऱ्याला राहतं ठिकाण असतं. वाडा असतो. नियमित धंदा असतो, शेती असते. जामीनदार असतो, सरपंच. कलम ४ च्या सगळ्या अटी त्याच्या अंगाला चोपून बसतात. शिवाय त्याला गाव सोडावं लागत नाही. गाव त्याचंच. सोडावं लागतं ते फिर्यादीला.

आणि हेही नको असेल तर सरकारच खटले काढून घेतं. मराठवाड्यात नामांतराच्या वैरातून उभ्या राहिलेल्या अ‍ॅट्रॉसिटीच्या हजाराच्या वर केसेस १९९५ नंतरच्या युती सरकारनं मागं घेतल्या. तिथं कुणी म्हणालं नाही, तुम्ही आमच्या दयेचा फायदा घ्याल. दया मोकळ्या हातानं, अट नाही, हजेरी नाही.

हजेरी! ह्या शब्दाचीही एक वंशावळ आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मालाच गुन्हा ठरवलं. पाटलाकडं हजेरी, चौकीवर हजेरी, गाव सोडायचं तर पास. सोलापूरला तारेच्या कुंपणात अख्खी कुळं कोंडली. १९५२ साली ३१ ऑगस्टला तो कायदा गेला. सात वर्षांत, १९५९ ला, मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. दार बदललं, कोठडी तीच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुकन्या शांता ह्या पत्रकार बाईच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं तुरुंगातली जातवार कामं घटनाबाह्य ठरवली, आणि 'सराईत' हा शिक्का विमुक्तांवर कसा मारला जातो ह्यावरही बोट ठेवलं. म्हणजे स्वतंत्र भारतात पंच्याहत्तर वर्षं तुरुंगाच्या नियमांत लिहून ठेवलं होतं, कुणी झाडायचं आणि कुणी रांधायचं. जेलमध्ये जातसुद्धा सक्तमजुरी करत होती.

ह्यावरून नव्या कायद्याचं आठवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय. तिच्यात पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि माल परत केला असेल तर 'सामुदायिक सेवा' ही शिक्षा आहे. आमच्या पोराचा गुन्हा आधीचा, त्याला ते लागलं नाही. पुढच्यांना लागेल. कल्पना वाईट नाही. पण सेवा कसली द्यायची ते न्यायाधीश ठरवणार. बागायतदाराच्या पोराला झाडं लावायला, आमच्या पोराला संडास धुवायला, असं होणार नाही ह्याची हमी कोण देतो? गावाची झाडलोट, मेलेलं ढोर ओढणं, सांगावा पोचवणं ही सामुदायिक सेवा आमच्या बापजाद्यांनी कुठलाही गुन्हा न करता पिढ्यानुपिढ्या केलीय. त्याची सूट आधी कापा.

अट माणूस बघून कशी शिवतात ते पुण्यानं साऱ्या देशाला दाखवलंच. १९ मे २०२४. कल्याणीनगर. अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीनं दोन तरुण अभियंते मारले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळानं जामीन दिला, आणि अटींमध्ये एक, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. लोक खवळले तेव्हा तीन दिवसांत त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. मुलांचा कायदा वेगळा, प्रोबेशन वेगळं, जामीन वेगळा, हे मला समजतं. पोराला फासावर द्या असंही मी म्हणत नाही. मी शिंप्याबद्दल बोलतोय. निबंधाची अट मोडणं शक्यच नाही. बंगल्यात टेबल आहे, टेबलावर दिवा आहे, लिहून द्यायला माणूसही मिळेल. आमच्या पोराला पण सांगायचं होतं, बस फडावर आणि लिही तीनशे शब्द, 'मी तार का चोरली' ह्या विषयावर. त्यानं लिहिले असते. आणि ते तुम्हाला वाचवले नसते.

एक उदाहरण माझ्या विरोधातलंही देतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगतो. संजय दत्तनं १९९३ च्या स्फोटांच्या खटल्यात हत्यारं बाळगल्याबद्दल प्रोबेशन मागितलं होतं. टाडा कोर्टानं २००७ मध्ये नाकारलं, सुप्रीम कोर्टानंही २०१३ मध्ये गुन्हा गंभीर म्हणून नाकारलं. शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली, पण सोडलं नाही. इथं कोर्ट नटाच्या चेहऱ्याला भुललं नाही. शाबास. पण येरवड्यात गेल्यावर फर्लो काय, पॅरोल काय, तो बाहेर किती वेळा आला हे पेपरात मोजून छापलं गेलं. कोर्टानं लावलेलं दार तुरुंगखात्यानं किलकिलं केलं. म्हणून सांगतो, एकट्या न्यायाधीशाला धरून भागत नाही.

मुंबईत तर खुर्चीचंही ढोंग ठेवलेलं नाही. चॅप्टर केस ज्यानं बघितलीय त्याला विचारा. झोपडपट्टीतल्या पोरावर 'शांतता भंग करील' म्हणून नोटीस काढायची. नोटीस काढणारं पोलीस ठाणं, आणि तिच्यावर सुनावणी घेणारा कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसलेला सहायक पोलीस आयुक्त. खाकीनं आरोप करायचा, खाकीनं न्याय करायचा, बॉण्ड मोडला म्हणून खाकीनंच तुरुंगाचा कागद लिहायचा. २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टानं तिकडच्या पोलीस उपायुक्तांना असे अधिकार देणारे सरकारी आदेश रद्द केले. कारण साधं आहे, पकडणारा आणि तोलणारा एक असू नये. मद्रासला जे कळलं ते आमच्या मुंबईत कळायला काय अडचण आहे?

मग तुझं म्हणणं काय, असं विचाराल. न्यायाधीशाचे हात बांधायचे? नाही. बांधलेल्या हातांनी आमचा कुणी सुटलेला नाही. मला एवढंच पाहिजे की ज्या दिवशी सोडता त्याच दिवशी कागदावर लिहा, गुन्हा केवढा होता, माल परत आला का, सोडलं नसतं तर किती दिली असती. मग वर्षानं कितीही राग आला तरी त्या ओळीच्या वर जाता येणार नाही. अट लिहिताना विचारा, बाबा, दिवाळीनंतर तू कुठं असतोस? जिथं असशील तिथल्या ऑफिसात हजेरी दे. कायद्यात ह्याला मज्जाव नाही. अट मोडली तर आधी कारण विचारा, वकील द्या, पन्नास रुपयांची वाट का सोडली ते लिहून ठेवा. जुन्या फौजदारी संहितेच्या ३६१ कलमात आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०२ कलमात प्रोबेशन नाकारताना खास कारणं लिहायची सक्ती आहेच. मोडलेल्या बॉण्डवर शिक्षा देतानाही ती सक्ती पाहिजे. आणि ज्याला आपला अपमान झाला असं वाटतं त्यानं त्या दिवशी त्या खुर्चीवर बसू नये. कलम ९ मध्ये दुसऱ्या सक्षम कोर्टालाही हे प्रकरण चालवता येतं, सोय आहे. मोठेपणा पाहिजे.

हे झालं त्यांचं. आता आपलं. खैरलांजी झाली की आपण रस्त्यावर येतो. यायलाच पाहिजे. पण तार चोरणाऱ्या पोराच्या तारखेला आपल्यातला कोण येतो? कोर्टात मी एकटा होतो. जयंतीला ह्याच वस्तीत चार गटांचे चार बॅनर लागतात, प्रत्येकावर वीस-वीस थोबाडं. त्यातलं एकही थोबाड त्या बाकड्यावर नव्हतं. चोराच्या बाजूनं उभं राहिलं तर समाजाचं नाव खराब होतं म्हणे! ही कुणाची भाषा शिकलात? खून झालेला माणूस आपल्याला चालतो, कारण तो स्वच्छ असतो, बोलत नाही. जिवंत, चुकलेला, घाबरलेला माणूस चालत नाही. त्याच्यासाठी मोर्चा लागत नाही. एक दिवसाचा खाडा, एक वही आणि मागचं बाकडं लागतं. न्यायाधीश काय म्हणाला, कारण लिहिलं का, वकील होता का, एवढं नुसतं टिपून ठेवायचं. वही उघडून बसलेला माणूस दिसला की खुर्चीची भाषा कशी सुधारते ते मी सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी बघितलंय. पहिल्या दिवशी मी वही नेली नव्हती.

पोरगा दिवाळीच्या तोंडावर सुटला. माफीचे दिवस वजा जाऊन. माय आणायला गेली होती, मी फोनवर होतो. म्हणाला, "दादा, आता हजेरी नाय ना?" नाही म्हटलं. शिक्षा भोगली की बॉण्ड संपतो. पण कायद्याच्या कलम १२ नं प्रोबेशनवाल्याला दोषसिद्धीचा डाग लागू नये म्हणून जे पांघरूण दिलंय, तेही अट मोडून शिक्षा झालेल्याच्या अंगावरून निघतं, हे मात्र त्याला सांगितलं नाही. नोकरीच्या फॉर्मवर तो रकाना येईल तेव्हा कळेल.

तिसऱ्या दिवशी मुकादम आला. नवा हंगाम सुरू होत होता. त्याच्या वहीत, पोलिसांनी फडावरून उचललं त्या तारखेपासून पट्टा पडेपर्यंत, पोराच्या नावापुढं रोजचा खाडा मांडलेला होता. उचल दुप्पट झाली होती. पोरगा बायकोला घेऊन गाडीत बसला.